डांगराच्या वेलात मेंढरं

पहिली मेंढी वेलातच पडली. तोंडाला फेस, पाय ताठ. मग दुसरी. सासऱ्यांनी काठी टाकली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी बांधावरून ओरडत होते, "आबा, आधी बाकीची बाहेर काढा!" त्यांना ऐकूच येत नव्हतं.

आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. पाटसजवळ शेती करायला लागलो तरी आबांनी मेंढरं विकली नाहीत. बाकी सगळा कारभार मुलाच्या हातात गेला होता. मेंढरं तेवढी त्यांची होती.

त्या साली नवऱ्यानं दौंडहून हायब्रीड डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी आणलं. वेल पसरला आणि पांढरी माशी आली. पान हलवलं की पिठासारखी उडायची, परत तिथंच बसून रस शोषायची. पानं चिकट झाली, पिवळी पडली, मग वळली. नवरा कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि पाठीला पंप लावायचा. दुकानदार दर वेळी नवी बाटली द्यायचा. शेवटी दोन औषधं मिसळून मारली. माशी तशीच. दोन दिवसांनी नवरा म्हणाला, "मोडून टाकतो प्लॉट." आणि ड्यूटीला गेला.

उकिरड्यावर एक गावरान डांगराचा वेल होता. त्याचं बी मी शिरूरकडच्या माहेरातून आणलेलं. त्याच्यावरही माशी बसायची, पण पान वळत नव्हतं. फळ लहान, बाजारात कोणी विचारायचं नाही. त्याच्यावर औषध मारायची गरजच पडली नाही.

मोडायच्या पिकात मेंढरं सोडायची, ही आबांची जन्माची रीत. मी आडवी गेले.

"आबा, परवाच औषध मारलंय."

"त्यानं माशी मरंना, आन् मेंढरू मरतंय व्हय? तू चूल बघ जा."

मी परत सांगितलं. त्यांनी बांधावरची काटेरी फांदी बाजूला केली आणि मेंढरं आत घातली.

गुरांचे डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, उपयोग झाला नाही. निघताना म्हणाले, "आबा, माशीला औषधाची सवय झालीय. मेंढराला कुठली असणार?"

नवरा संध्याकाळी आला. फावडं घेऊन खड्डा खणायला लागला. आबा काठावर बसून म्हणाले, "मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले.

आत गेलेल्यांतली एकही वाचली नाही. एक गाभण मेंढी चालायला जड झाली होती. ती कळपाच्या मागं राहिली आणि उकिरड्यावरच्या वेलाला लागली. तो तिनं मुळापर्यंत खाल्ला. जगली ती तेवढी. आणि पांढरी माशी.