लॅपटॉपच्या तापाचा तक्ता

आमच्या गल्लीत माझ्या बायकोला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे सिस्टर म्हणतात, आणि आता मीही म्हणतो. चौतीस वर्षं तिने एकाच हॉस्पिटलच्या एकाच वॉर्डात काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी कोणाला कणकण वाटली की आधी आमची बेल वाजते, मग डॉक्टरची. मी शिंपी. पुढच्या खोलीत माझं मशीन, कापायचं टेबल आणि माझी कुरकुर, तिघांचाही मुक्काम कायमचा.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या शिवणात खोट काढलेली मला खपत नाही. चाळीस वर्षांत ‘चूक माझी’ असं मी गिऱ्हाइकाला एकदाही म्हटलेलं नाही. पँट घट्ट झाली तर माणूस जाड झाला, विषय संपला. शिवाय घरातली वस्तू उघडी दिसली की माझे हात शिवशिवतात. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, यांच्यासमोर फार वेळ गप्प बसू नका, माप घेतील.

तर सूनबाईंचा लॅपटॉप. मुलगा बोटीवर असतो, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. सून घरांचे नकाशे काढते. नात झाली तेव्हा काम सोडलं ते चार वर्षं सुटलंच. आता एका ऑफिसने तिला घरून काम करायला घेतलं होतं, पण तीन महिने पारखून मग कायम करू, असं म्हणून. माझ्याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर ती बसायची. मशीनच्या आवाजाची तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून ती मला जास्तच लाडकी.

दोन महिने होत आले आणि लॅपटॉपने रंग दाखवायला सुरुवात केली. चालता चालता पडदा काळा, मग आपोआप परत सुरू, थोड्या वेळाने परत काळा. काढलेल्या रेघा गायब. दोनदा तर ऑनलाइन मीटिंगमध्ये ती बोलत असतानाच बंद पडला. तिच्या साहेबीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की येत्या शुक्रवारी अकरा वाजता गिऱ्हाइकाला नकाशे दाखवायचेत, ते नीट पार पडलं तर पुढचं बोलू. नाही पडलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

शनिवारी मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दिवसभर काउंटरवर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. तरी संध्याकाळी तोंड वाकडं करून म्हणाला, मदरबोर्ड जातोय, नवाच घ्या. नवा घेतला तरी नकाशांचं सगळं त्यात बसवायला आठवडा लागणार होता. सून घरी येऊन नातीला मांडीवर घेऊन बसली. रडत नव्हती, पण नातीचं एकच बटण तिने तीनदा लावलं आणि तीनदा काढलं. मी दुरुस्तीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सिस्टरने एवढंच विचारलं, की दुकानात खरंच दिवसभर चालला का? मी हो म्हटलं. तशी ती कपाटातून आलेखाचा कागद आणि घड्याळ घेऊन आली.

“दुकानात दिवसभर चालला आणि घरात तासाभरात पडतो,” ती म्हणाली. “म्हणजे आजार त्याचा नाही, घराचा आहे.”

मला हसू आलं. जिला मोबाइलवर फोटो पाठवायला नात लागते, ती लॅपटॉपला बरं करणार! पण हसायच्या आधी मला वॉर्डातली एक गोष्ट आठवायला हवी होती. एका पेशंटला रोज चार वाजता ताप यायचा, सहाला उतरायचा. डॉक्टर रक्त तपासून तपासून दमले. सिस्टरने चार दिवस तक्ता ठेवला आणि पाचव्या दिवशी सांगितलं, की याचा भाऊ पावणेचारला थर्मासमधून कडकडीत चहा आणतो, आणि तो पिऊन झाल्या झाल्या तोंडात थर्मामीटर जातो. ताप पेशंटला नव्हता, चहाला होता. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगत नाही, मीच सांगत फिरतो.

सोमवारी तिने काहीच केलं नाही. फक्त सुनेच्या बाजूला स्टूल टाकून बसली आणि लिहीत गेली. सुरू किती वाजता, बंद किती वाजता, काय काम चाललं होतं, हात लावल्यावर कोमट की गरम. दिवसात सात वेळा पडला, आणि सातही वेळा साधारण चाळीस मिनिटांनी. मी म्हटलं, नुसतं बघत काय बसतेस, काहीतरी कर की. त्यावर तिने मला वॉर्डाचा नियम ऐकवला, की एका वेळी एकच औषध बदलायचं. दोन बदलली की कशाने बरं वाटलं ते देवालाही कळत नाही.

मंगळवारी वायर दुसऱ्या प्लगला लावली. पडला. बुधवारी टेबल बदललं, सुनेला स्वयंपाकघरात बसवलं. तरी पडला. मी मशीनवरून टोमणे मारत होतोच, की आता सलाइन लाव. सून मात्र सासूच्या शब्दाबाहेर गेली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, तरी रोज सकाळी तक्त्यावर ती स्वतःच तारीख घालायची.

गुरुवारी सकाळी सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, “आज त्याचा कोट काढते.”

आता हा कोट काय ते सांगायला हवं. सुनेला काम लागलं त्याच आठवड्यात मी लॅपटॉपला कव्हर शिवलं होतं. जाड कापड, आत फोम, कडेने पाइपिंग, खालून पूर्ण बंद, वायरीपुरती फट. पुस्तकासारखं उघडायचं, त्यामुळे काम करतानाही काढायची गरज नाही. इतकं चपखल बसलं होतं की माझी मलाच दृष्ट लागावी. दुकानात नेताना मळेल म्हणून मीच ते घरी काढून ठेवलं होतं. एवढं सांगितल्यावर तुमच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. माझ्या नाही पडला. मी म्हटलं, काढा, काढा, सगळ्यांचा राग माझ्यावरच काढा.

कव्हर निघालं. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. दोन तास झाले. सून मान वर न करता काम करत होती आणि माझं मशीन केव्हाच थांबलं होतं. तीन तासांनी ती म्हणाली, की आई, झालं वाटतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण नाही, सिस्टरने कव्हर उचललं आणि लॅपटॉपला परत घातलं.

“ताप उतरला म्हणून औषध लागू पडलं असं नसतं,” ती म्हणाली. “परत घालून बघायचं.”

अडतिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मग तिने लॅपटॉप उलटा केला आणि खालच्या बारीक फटी मला दाखवल्या. त्याला तिथून श्वास घ्यायचा असतो, आणि मी नेमक्या त्याच फटी फोमने बुजवल्या होत्या. फटींत माझ्याच कापडांचे तंतू अडकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा मीच होतो. तिने लॅपटॉप पूर्ण बंद केला, माझ्या मशीनचा मऊ ब्रश घेतला आणि लहान मुलाचं नाक साफ करावं तसे ते तंतू काढले. सुनेला इतकंच सांगितलं, की गरम होत होता, आता होणार नाही. कव्हरचा शब्द काढला नाही.

शुक्रवारी अकराला सून दार लावून बसली. आम्ही दोघं नातीला घेऊन बाहेर. सिस्टरची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. अकरा चाळीस झाले तेव्हा तिने माझा हात धरला. चौतीस वर्षं लोकांच्या नाड्या बघणाऱ्या बाईचा हात गार पडला होता. तेव्हा मला कळलं, की चार दिवस ही वर वर शांत होती, आत सुनेइतकीच घाबरलेली होती. बारा वाजले. साडेबारा झाले.

दार उघडलं. सून म्हणाली, “आई, सोमवारपासून कायम.” आणि सासूच्या गळ्यात पडली.

सिस्टरने डोळे पुसले आणि लगेच तक्ता पुरा करायला बसली. ‘बरा होऊन घरी’ असं लिहिलं. कारणाचा रकाना मात्र तिने मोकळा ठेवला होता. मला चांगलं माहीत होतं का ते. चाळीस वर्षांचा संसार, माझी नस तिला माहीत.

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘मी शिवलेलं कव्हर. चूक माझी.’ खाली सही केली. सुनेने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि कात्री आणि कव्हर माझ्यासमोर आणून ठेवलं. खालच्या बाजूला मी अकरा लांबट भोकं पाडली आणि प्रत्येकाला हाताने काज केलं. आजही ती त्याच कव्हरात काम करते.

तो कागद मी फ्रेम करून मशीनच्या वर लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे? मी म्हणतो, वाचा, बायकोने लिहिलंय. शेवटची ओळ वाचून माणसं माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. त्या ओळीवर हात ठेवला की माझी छाती फुगते.