खोडवा व्यवस्थापन, भाग चौथा

दत्ता गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी इंदापूरच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. डाळजहून राजाचा फोन आला. "मास्तर, दत्ता गेला रं..." नेमका त्याच वेळी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर रस्त्यानं चालला होता आणि त्याच्या टपावरच्या स्पीकरमधून दत्ता बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "डीपी जळाला गं बाई, डीपी जळाला!" एका कानात दत्ता गेला होता आणि दुसऱ्या कानात तो बावीस वर्षांचा होता. भाजीवाली म्हणाली, "मामा, घ्यायची का न्हाय?" मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेथी तिथंच राहिली. फोनवर राजा पुढं म्हणाला, "पर ऐकून गेला, मास्तर. सगळं ऐकून गेला." गेला दीड महिना मी त्याच वाक्यावर तग धरून आहे.

दत्ताचं सांगवीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. तरुणपणी तो पुण्याला आयटीआयला होता, तिथं होस्टेलवर कुणाच्या तरी टेपवर त्यानं इंग्रजी रॉकची गाणी ऐकली. "शब्द येक कळला न्हाय," तो सांगायचा, "पर ही माणसं आपल्या चुलत्यांसारखीच भांडत्यात, एवढं कळलं." गावी परतताना त्यानं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. बारामतीच्या एका रेडिओ मेकॅनिकनं तिला लाउडस्पीकरचा अँप्लिफायर जोडून दिला. राजानं बेस गिटार घेतली. मी लग्नाच्या बँडवाल्यांकडून टाकाऊ ड्रम आणले आणि झांजेच्या जागी ट्रॅक्टरचं मडगार्ड टांगलं. तिघं होतो म्हणून बँडचं नाव ठेवलं 'थ्री फेज'. गाणी आमचीच, मराठीत. गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला की आठ-आठ दिवस अंधार असायचा, त्यावर 'डीपी जळाला'. कॅनॉलच्या पाण्यावर 'पाळी आली'. प्रेमावर एकही गाणं नव्हतं, कारण तिघांनाही त्यातला अनुभव शून्य.

सराव शेतालगतच्या गॅरेजात चालायचा, आणि आमची एकच अडचण होती. तेव्हा दिवसातून काही तासच लाईट असायची. लाईट आली की गिटारीला जीव यायचा, आणि त्याच क्षणी विहिरीवरची मोटारही चालू व्हायची. मोटारीचं पाणी पाटानं उसाच्या कडेला पोचायला जेमतेम पाच-सहा मिनिटं लागायची. पाणी पोचलं की दत्ताच्या वडिलांची, आबांची, हाक यायची, "दत्ताऽऽ! पाणी आलं, दारं धर!" मग दत्ता गिटार टाकून, खोरं उचलून, सरीतलं पाणी वळवायला पळायचा. त्यामुळं आमचं प्रत्येक गाणं अर्ध्यावर तुटायचं. सूर लागेपर्यंत दोन मिनिटं, भांडणात दोन मिनिटं, की आलीच हाक. गावात म्हणायचे, थ्री फेजची गाणी आणि सरकारची लाईट, दोन्ही मधेच जाणार.

तरी दत्ता टेप करत राहायचा. आबांनी रेडिओवरची शेतीची भाषणं उतरवून घ्यायला त्याला कोऱ्या कॅसेट आणून दिल्या होत्या. या बहाद्दरानं त्यावर आमची गाणी उतरवली आणि आबांना संशय येऊ नये म्हणून वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'खोडवा व्यवस्थापन, भाग पहिला', 'भाग दुसरा'... असे सहा भाग. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. अँप्लिफायरजवळ आवाज फाटतो म्हणून टेपरेकॉर्डर तो गॅरेजच्या दाराशी, पाण्याच्या पिंपावर ठेवायचा. ही पिंपाची गोष्ट लक्षात ठेवा.

मग लोणी भापकरची जत्रा आली. कुस्त्या सुरू होण्याआधी पोरांना अर्धा तास वाजवू द्या, असं कुणीतरी कमिटीच्या गळी उतरवलं होतं. आम्ही अर्धं गाणं वाजवलं. लोक हलगी मागत होते, पैलवान वैतागले होते, आणि पहिल्याच गाण्याच्या मध्यावर मंडपवाल्यानं वायरच काढून घेतली. घरी आबा एवढंच म्हणाले, "पुरं झालं आता." पुढच्याच आठवड्यात फळीवरच्या सहाही कॅसेट गायब झाल्या. आबांना विचारायची सोय नव्हती. विचारायचं म्हणजे खोडव्याच्या कॅसेटमध्ये खोडवा नव्हता हे कबूल करायचं. दत्तानं मनाशी पक्कं धरलं की आबांना कळलं आणि त्यांनी चुलीत घातल्या. तो वडिलांना कधी उलटून बोलला नाही. शेवटच्या आजारात त्यानं त्यांचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. पण ती एक गाठ त्याच्या मनातून सुटली नाही. आबा गेल्यावर एकदा मला म्हणाला, "मास्तर, माझं येकच गाणं पुरं झालं हुतं. तेबी त्यांनी जाळलं."

आणि इथं मी, शाळामास्तर, शहाणपणा करायचो. "दत्ता, अख्खं गाणं आपण आयुष्यात कधी वाजवलंच नाही. तुला भास झालाय." तो चिडायचा. "वाजवलंय! भाग चार. त्या दिशी आबा हाक मारायचं इसारलं." हा वाद आम्ही तीस वर्षं घातला. दोघांच्या लग्नात घातला, पोरांच्या बारशात घातला. राजा ज्याच्या घरी जेवण असेल त्याच्या बाजूनं बोलायचा. दत्ताच्या किडन्या जायला लागल्यावर मी वाद सोडून दिला आणि म्हणालो, असेल बाबा, वाजवलं असेल. त्याला ते मुळीच आवडलं नाही. "आजारी हाय म्हणून व्हय म्हणू नगंस," म्हणाला.

मागच्या वर्षी राजा डाळजला नव्यानं राहायला गेला आणि एकदा शेजारच्या तात्यांच्या गोठ्यावर दूध आणायला गेला. तात्या ऐंशीच्या पुढचे, आबांचे जुने स्नेही. म्हशीच्या कासेला हात घालून ते गुणगुणत होते... "डीपी जळाला गं बाई..." राजाच्या हातातली किटली पडायची बाकी होती. हे गाणं जगात तीनच माणसांना येत होतं. "तात्या, ह्ये कुटनं शिकलात?" तात्यांनी मान वर न करता सांगितलं, "खोडव्याच्या कॅसेटीतनं."

झालं होतं असं. तात्यांना खोडव्याची माहिती हवी होती म्हणून आबांनी मोठ्या अभिमानानं, माझ्या पोरानं उतरवून घेतलंय, असं सांगून ते सहाही भाग त्यांना नेऊन दिले होते. तात्यांनी घरी जाऊन लावले, आणि खोडव्याऐवजी आमचा दंगा! परत करावेत तर आबा लावून बघणार आणि पोराचं बिंग फुटणार. म्हणून आबा भेटले की तात्या सांगायचे, "लई बारीक माहिती हाय आबा, अजून ऐकतोय." आबा गेले, पण तात्यांचं ऐकणं सुटलं नाही. "सुरवातीला डोकं उठायचं," ते राजाला म्हणाले, "पर म्हशी त्याच्यावर पान्हवायला लागल्या. मग रोजच लावाय लागलो." तीस वर्षं आमचा एक श्रोता होता, आणि त्याच्या सात-आठ म्हशी.

तात्या स्वतः बिस्किटांच्या डब्यात कॅसेट घेऊन सांगवीला आले. गॅरेजात दत्ता खाटेवर उशाला टेकून बसला होता, त्याची मुलगी प्राजक्ता शेजारी. पहिल्या तीन भागांत सगळी गाणी तुटलेली. प्रत्येकाच्या शेवटी लांबून आबा, "दत्ताऽऽ! पाणी आलं!" आम्ही पोट धरधरून हसलो. मग भाग चौथा. 'डीपी जळाला' सुरू झालं. मी मनात मिनिटं मोजत होतो. चार झाली, पाच झाली. गाणं चालूच. आणि मग दाराजवळून, अगदी टेपजवळून, दत्ताच्या आईचा आवाज आला, "पाणी आलं न्हवं? दत्ताला हाक मारू का?" आणि त्यावर आबा, हळू आवाजात, "नगं. आज बरं जमलंय त्यांचं. हुं दे पुरं. दारं मी धरतो."

गाणं पुढं गेलं आणि संपलं. अख्खं. शेवटचा मडगार्डचा दणका माझाच होता.

आत आमचा इतका गोंगाट होता की आम्हाला दारातलं काही ऐकू आलं नव्हतं. पिंपावरच्या टेपनं ऐकलं होतं. तात्यांनी दत्ताकडे बघून विचारलं, "म्हंजी तुला ठावं न्हवतं?" दत्तानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला, "मास्तर, पुरं झालं हुतं का न्हाय?" मी हात जोडले. असं हरण्यात इतका आनंद असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं प्राजक्तानं केलं. तिनं ती गाणी मोबाईलवर उतरवून पाठवायला सुरुवात केली, आणि गळीत हंगाम सुरू झाला तसा प्रत्येक दुसरा ट्रॅक्टर ते गाणं वाजवत कारखान्याला जाऊ लागला. गॅरेजसमोरून जाताना पोरं मुद्दाम आवाज वाढवायची. गावच्या वायरमननं तर 'डीपी जळाला' रिंगटोन ठेवली. "आता डीपी जळाला की लोक शिव्या देण्याआधी गाणं म्हणतात," अशी त्याची तक्रार आहे. जत्रेला लोणी भापकरच्या कमिटीनं दत्ताला बोलावून घेतलं आणि कुस्त्यांच्या आधी त्याच मैदानावर भाग चौथा लावला. खुर्चीवर बसलेल्या दत्ताभोवती दोन-तीनशे पोरं नाचत होती. पैलवानही नाचत होते. गाणं संपल्यावर दत्ता माइकवर एवढंच बोलला, "मंडपवाल्याचं आभार. ह्या बारीला वायर काढली न्हाय." त्यानंतर तो चार महिने जगला. थकला होता, पण तक्रार उरली नव्हती. भिंतीवरच्या आबांच्या फोटोला तो आता स्वतः हार घालायचा. त्याआधी इतकी वर्षं ते काम त्यानं बायकोवर सोपवलेलं होतं.

दहावा झाल्यावर मी आणि राजा गॅरेजात बसलो होतो. गिटार खुंटीला होती. मडगार्ड गंजलं असलं तरी जागेवर होतं. राजा म्हणाला, "दोन फेजवर मोटार जळंल, मास्तर." मी म्हणालो, "जळू दे. काढ बेस." प्राजक्तानं बापाची गिटार उतरवली. तिला त्यानं चार-दोन सूर शिकवले होते. तेवढ्यात लाईट आली आणि विहिरीवर मोटारीनं सूर धरला. आता पाट नाही, ठिबक आहे, पण कुणीतरी जाऊन कॉक फिरवावाच लागतो. आम्ही दोघांनी सवयीनं हात थांबवले आणि तिच्याकडे पाहिलं. तेव्हा दारातून दत्ताची बायको, डोक्यावरचा पदर खोचत, म्हणाली, "तुमी वाजवा. कॉक मी फिरवते."

थ्री फेजनं दुसऱ्यांदा अख्खं गाणं वाजवलं. टेपरेकॉर्डर दाराशी, पिंपावरच ठेवला होता.