केसभर तिरकं हेड

चष्मेवाल्यांना कॅसेटप्रेमींच्या मंडळात सगळे ‘कानसाहेब’ म्हणत. दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा हे नाव त्यांना जास्त आवडे. पाटी वडिलांनी रंगवून घेतली होती. हे नाव त्यांनी स्वतः कमावलं होतं.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. एका भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंत कॅसेटी. तीनशे अठ्ठेचाळीस. प्रत्येकीच्या कडेला निळ्या शाईत क्रमांक, तारीख आणि कुठून उतरवली त्याची नोंद. मधल्या टेबलावर कॅसेटी भरायचा आणि वाजवायचा रुपेरी डेक, बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेला. रविवारी सकाळी दहा वाजता, दुकानाचं शटर खाली असताना, या खोलीत सातआठ जण जमत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले टपालकाका, औषधांच्या दुकानातल्या बाई, छापखान्याचे मालक, आणि वर्षभरापासून येणारं एक तरुण जोडपं. त्या दोघांनी शाळेत जाण्याच्या वयात कॅसेट पाहिलीसुद्धा नव्हती. आता मात्र ती दोघं जुन्या बाजारात डेकचे रबरी पट्टे शोधत फिरत.

फोनवर सगळं मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं चष्मेवाल्यांच्या बायकोने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्यावर टपालकाका म्हणाले होते की वहिनी, कॅसेट आपण हाताने भरलेली असते. ती भरताना आपण त्या खोलीत बसलो होतो, मध्येच कुणी दार वाजवलं म्हणून चिडलो होतो, हे सगळं तिच्यात असतं. वहिनी म्हणाल्या, दार बहुतेक मीच वाजवलं असेल.

मंडळाची रीत ठरलेली होती. प्रत्येकाने स्वतः भरलेली एक कॅसेट आणायची, ती या डेकवर वाजवायची आणि मग सगळ्यांनी कानसाहेबांकडे बघायचं. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी दोन वाक्यांत निकाल देत. टपालकाकांच्या कॅसेटी दबक्या, बाईंच्या बऱ्या पण धूसर, छापखान्याच्या तर विचारूच नका. शेवटी त्यांची स्वतःची कॅसेट लागे. झांज खणकन वाजे, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येई, आणि खोलीत कुणी हलत नसे. गेली अकरा वर्षं असंच चाललं होतं. हात लागतो त्याला, असं लोक म्हणत आणि चष्मेवाले नको नको म्हणत ते ऐकून घेत.

तीन वर्षांपूर्वी मंडळात त्यांचे साडू आले आणि या सुखात खडा पडला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा, वयाने बारा वर्षांनी लहान. उंच, हसरा, कुठल्याही घरात गेला की पाच मिनिटांत तिथलाच होणारा. त्याच्याकडे तीन हेडचा, म्हणजे पुसायला, भरायला आणि वाजवायला वेगवेगळं हेड असलेला डेक होता. कुणा बंगल्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांची लिफ्ट त्याने भर सुट्टीच्या दिवशी सुरू करून दिली, तेव्हा त्यांनी अडगळीत पडलेला तो डेक त्याला देऊन टाकला होता. असा डेक चष्मेवाल्यांनी वीस वर्षं फक्त माहितीपत्रकात पाहिला होता. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली त्यांना माहितीपत्रक आणि ज्याला कॅसेटची बाजू धड ओळखता येत नव्हती त्याला डेक, या न्यायाचा त्यांना फार राग येई. ते साडूला ‘साडूबुवा’ म्हणत, आणि त्या ‘बुवा’त जेवढं भरता येईल तेवढं भरत.

दिलासा एकच होता. साडूच्या कॅसेटीसुद्धा या खोलीत दबक्याच वाजत. गाणाऱ्याच्या तोंडावर कुणी उशी धरली आहे असं वाटे. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा चष्मेवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो लपवायला चष्मा काढून पुसला. मग अतिशय समजूतदार आवाजात ते म्हणाले की मशीन उत्तम आहे, हात बसायला वेळ लागेल. साडू मान हलवून हो म्हणाला, एवढंच. तो वाद घालत नसे आणि हेही चष्मेवाल्यांना खुपे.

या वर्षी गावातली एक जुनी गायनशाळा बंद झाली. ती चालवणाऱ्या बाईंनी जाताना सव्वीस कॅसेटी मंडळाला दिल्या. चाळीस वर्षांतल्या शिष्यांचं गाणं त्यांत होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. फिती इतक्या जीर्ण झाल्या होत्या की एकदा, फार तर दोनदा वाजतील. म्हणजे एकदाच, एका चांगल्या डेकवर लावून, त्या उतरवून घ्यायच्या. हे काम कुणाकडे द्यायचं याची चर्चा झाली. तरुण जोडपं म्हणालं, तीन हेडचा डेक आहे ना. सगळ्यांनी कानसाहेबांकडे बघितलं. कानसाहेब म्हणाले की डेक असून भागत नाही. झालं, काम त्यांच्याकडे आलं. पुढच्या रविवारी सर्वांसमोर सुरुवात करायची ठरलं. घरी जाताना त्यांनी साडूच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहिलं, पण तिथे काही सापडलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी बायकोने बहिणीकडे शिवणयंत्र पोचवायला सांगितलं म्हणून ते साडूच्या घरी गेले. साडू कामावर होता. मेहुणीने पाणी दिलं, चहा टाकला आणि शेजारणीकडून साखर आणते म्हणून ती बाहेर गेली. खोलीत चष्मेवाले आणि तो डेक, दोघेच उरले.

त्यांच्या खिशात क्रमांक दोनशे बाराची कॅसेट होती, त्यांची सगळ्यात लाडकी. ती त्यांनी आज का घेतली होती हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मनात एवढंच होतं की भल्या मोठ्या डेकला खरी भरलेली कॅसेट कशी असते ते एकदा कळू दे. त्यांनी ती लावली.

गाणाऱ्याच्या तोंडावर उशी होती.

पहिला विचार आला तो आनंदाचा. म्हणजे साडूचा डेकच बिघडलेला आहे. त्यांनी घाईघाईने शेजारी पडलेली कंपनीची छापील कॅसेट लावली, खात्री करायला. झांज खणकन वाजली. इतकी स्वच्छ की ते दचकले. दुसरी छापील कॅसेट लावली, तीही तशीच. मग साडूने स्वतः भरलेली एक लावली. ही त्यांनी मागच्याच महिन्यात आपल्या खोलीत ऐकून ‘दबकी’ ठरवलेली कॅसेट होती. तिच्यात गाणाऱ्याने सूर लावण्याआधी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला.

मेहुणी साखर घेऊन आली तेव्हा डेक बंद होता आणि भाऊजी खुर्चीत ताठ बसले होते. चहा न घेताच ते निघाले.

चष्मेवाल्यांचा सगळा जन्म एका गोष्टीत गेला होता. काही नंबरांच्या काचा फ्रेममध्ये ठरावीक कोनातच बसवाव्या लागतात. काच चारपाच अंश फिरली की अक्षरं पुसट होतात. आणि दर वर्षी एखादं तरी गिऱ्हाईक असं येई, की जे म्हणे माझा चष्मा ठीक आहे, हल्ली छपाईच वाईट करतात. अशा गिऱ्हाइकाची ते बायकोला जेवताना नक्कल करून दाखवत. आता दुकानाकडे चालताना त्यांना आठवलं की छापील कॅसेटी आपल्या डेकवर दबक्या वाजतात, म्हणून आपण अकरा वर्षं कंपन्यांना शिव्या दिल्या. त्याआधीच्या आपल्याच कॅसेटी दबक्या वाजू लागल्या, तेव्हा फिती जुन्या झाल्या म्हणालो.

मागच्या खोलीत त्यांनी डेकचं झाकण काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं. फीत ज्यावर घासून जाते त्या हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो. कारखान्यातून येताना त्यावर रंगाचा थेंब टाकलेला असतो, कुणी हात लावू नये म्हणून. तो थेंब फुटलेला होता, आणि फोडणारा कोण हेही त्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एका उसन्या आणलेल्या कॅसेटचा आवाज खुलत नव्हता, म्हणून त्यांनी नुसत्या कानाच्या भरवशावर स्क्रू थोडासा फिरवला होता. आवाज खुलला होता. मग तेच बरोबर, असं धरून त्यांनी तो तसाच ठेवला. हेड केसभर तिरकं झालं. त्यानंतर तिरक्या हेडने भरलेलं तिरक्या हेडवर उत्तम वाजत राहिलं आणि बाकी सगळ्या जगाच्या तोंडावर उशी आली.

स्क्रू सरळ केला तर त्यांच्याच अडीचशे कॅसेटी दबक्या होणार. तसाच ठेवला तर रविवारी सव्वीस कॅसेटी या हेडवरून जाणार, आणि जे उतरेल तेच कायमचं उरणार. गुपचूप सरळ करून ठेवावं, असंही मनात आलं. पण मग स्वतःची कॅसेट वाजवायची पाळी आली की काय सांगायचं? आणि न सांगता काम साडूला द्यायचं तर त्याला कारण हवं.

शुक्रवार आणि शनिवार ते बायकोशी नीट बोलले नाहीत. शेवटी शनिवारी संध्याकाळी तिने ताट पुढे ठेवत विचारलं, की हेडबद्दल कळलं का तुम्हाला. घास तसाच हातात राहिला.

“तुला काय माहीत?”

“तीन वर्षं माहीत आहे. पहिल्याच रविवारी तुमचे साडू घरी जाऊन धाकटीला म्हणाले, दादांचं हेड तिरकं आहे. धाकटी म्हणाली, ताईच्या घरात त्यावर चकार शब्द काढायचा नाही.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, हेडच ना. कुणाला कळतंय?” ती पाणी ओतत म्हणाली. “तुम्ही खूश होतात हो.”

त्यांना त्या क्षणी साडूचा जेवढा राग आला तेवढा तीन वर्षांत आला नव्हता. तो माणूस त्याच खुर्चीत बसून, सगळं माहीत असून, ‘हात बसायला वेळ लागेल’ हे वाक्य मान हलवून ऐकून घेत होता. डेक त्याचा मोठा, हात त्याचा चांगला, आणि आता मनही त्याचंच मोठं निघालं. आपल्या वाट्याला काहीच का ठेवू नये माणसाने?

रविवारी सगळे जमले. गायनशाळेच्या कॅसेटींचं खोकं टेबलावर होतं. चष्मेवाले उभे राहिले आणि म्हणाले की काम सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. त्यांनी ते हिशोब वाचून दाखवावा तसं सांगितलं: कधी स्क्रू फिरवला, का फिरवला, त्याने काय होतं. मग टपालकाकांनी हळूच विचारलं, “म्हणजे माझ्या कॅसेटी चांगल्या होत्या?”

चष्मेवाल्यांनी बारीक पेचकस उचलला. तो क्षणभर हातात धरला आणि साडूपुढे केला.

“तुम्हीच करा, दादा,” साडू म्हणाला.

“माझ्या कानाने एकदा केलंय,” चष्मेवाले म्हणाले. “आता तू कर.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच ते साडूला ‘तू’ म्हणाले होते. साडूने एक छापील कॅसेट लावून, वाकून, स्क्रू अगदी थोडा फिरवला. मग टपालकाकांची कॅसेट लागली, मग बाईंची. छापखान्याचे मालक स्वतःची कॅसेट ऐकताना इतके खूश झाले की त्यांनी ती उलटून दुसऱ्या बाजूनेही वाजवायला लावली. चष्मेवाल्यांची दोनशे बारा नंबरची सगळ्यात शेवटी लागली, रीतीप्रमाणे. दबका आवाज खोलीभर पसरला. ते डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकत बसले आणि कुणी बंद करायला पुढे झालं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. सव्वीस कॅसेटींचं खोकं साडू घेऊन गेला. दारात तो म्हणाला की घरी एक जुना साधा डेक पडून आहे, त्याचं हेड तुमच्यासारखं तिरकं करून देतो, म्हणजे तुमच्या सगळ्या कॅसेटी पूर्वीसारख्या वाजतील. चष्मेवाले बघू म्हणाले. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, या विचाराने त्यांचं त्या दिवशी दुपारच्या जेवणात लक्ष लागलं नाही.

दहा दिवसांनी साडूने उतरवलेली पहिली कॅसेट आली. मंडळाने ठरवलं होतं की निकाल कानसाहेबच देणार. चष्मेवाल्यांनी ती एकट्याने, सरळ केलेल्या हेडवर लावली. काम निर्दोष होतं. त्यांनी पहिली बाजू दोनदा ऐकली, दोष सापडावा म्हणून. दुसऱ्या बाजूला, शेवटून तिसऱ्या गाण्यात, डावीकडचा आवाज पापणी लवेपर्यंत गेला आणि परत आला. त्यांनी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. गेला, आला.

चपला घालून ते तडक साडूच्या घरी गेले. साडूने मूळ कॅसेट पुन्हा लावायची जोखीम घेतली नाही, स्वतःकडची प्रत लावली आणि कान देऊन ऐकलं. त्याला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं नाही. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यांनी बरोबर त्या जागी बोट वर केलं, तेव्हा त्याने हळूच मान हलवली.

“मूळ फितीतलंच असणार, दादा,” तो म्हणाला. “माझ्याकडून नाही झालेलं.” मग म्हणाला, “पण मला ऐकू आलं नव्हतं.”

चष्मेवाल्यांनी कॅसेटच्या कडेला निळ्या शाईत ‘उत्तम’ लिहिलं. ते लिहायला त्यांना बराच वेळ लागला. घरी परतताना मात्र पावलं भराभर पडत होती. वाटेत दोनदा त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी चष्मा काढून पुसला.