वाळवंटात न गेलेला चौथा हिवाळा

प्रकाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी माकणीच्या धरणावर पाणीपातळीची नोंद घेत होतो. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. "आपला पक्या गेला," हमीदभाई एवढंच म्हणाले. मी आकडा वहीत लिहिला आणि दोनदा तपासला. त्याला आता सात आठवडे झाले.

प्रकाशचं आमच्या मराठवाड्यातल्या वाशीत गाड्यांच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप होतं. शाळेची एक मोडीत निघालेली मिनीबस त्यानं घेतली, सीटा काढून तीन बिछाने, गॅसचा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. प्रकाश, टेलरिंगचं दुकान असलेले हमीदभाई आणि मी, अशा तिघांनी त्या गाडीतून सलग तीन हिवाळे जैसलमेरच्या पुढं वाळूत मुक्काम केला. सुमारे चौदाशे किलोमीटर, आम्हाला अडीच दिवस लागत.

पहिल्या खेपेला पाण्याचा हिशोब माझ्याकडे होता. माणशी रोज पंधरा लिटर, तिघं, सहा दिवस, म्हणजे दोनशे सत्तर. वर तीस जादा. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो, मग वाळवंटात काय मिळणार? त्या तीनशे लिटरच्या वजनानं गाडीची मागची चाकं वाळूत रुतली. टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, पण तोटी उघडायला कुणाचाच हात होईना. "पानी वाळूत ओतायचं? गुनाह लगेगा," हमीदभाई म्हणाले. शेवटी बादल्या भरभरून आम्ही ते जवळच्या वस्तीतल्या उंटांच्या हौदात नेऊन टाकलं, आणि तिथं कळलं की त्या वस्तीत रोज सकाळी नळ येतो. प्रकाश वाळूत लोळून हसला. "ए फूटपट्टी, मराठवाड्यातनं वाळवंटाला पाणी पाजायला आलास व्हय?" पुढं सहाही दिवस तो त्या नळावर दोन-दोनदा आंघोळ करत होता, थंडीत कुडकुडत... केवळ मला दाखवायला.

तिसऱ्या खेपेनंतर त्याला धाप लागू लागली. आयुष्यभर ग्राइंडर आणि रंगाच्या धुरळ्यात काम केलेलं. फुप्फुसं आखडत चाललीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी दिवाळीत तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतेत, सिलिंडर संगं ठेवा अन् जावा. डिसेंबरात निघू." मी घरी बसून सगळं काढलं. मुक्कामापासून मोठं हॉस्पिटल बेचाळीस किलोमीटर, त्यातले अकरा वाळूचे, म्हणजे सव्वा तास. सिलिंडर ठेवायला गाडीत जागा नाही. दाराची पायरी जमिनीपासून अठरा इंच, तेवढी चढायलाही त्याला दोनदा थांबावं लागायचं. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "पुढच्या थंडीत जाऊ."

"पुढच्या थंडीला म्या नसलो तर?"

"असशील."

एवढ्या एकाच उत्तराला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. हमीदभाई जायला तयार होते, पण मी नाही म्हटल्यावर बेत मोडला. नंतर मी वाशीला जाणं टाळलं. गेलो की तो पुन्हा विषय काढेल, याची भीती. फोनवर मात्र रोज त्याचा ऑक्सिजनचा आकडा विचारत राहिलो. अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, एकदा ब्याऐंशी... तो आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा. फेब्रुवारीत तो घरातच गेला. त्याच्या घरापासून हॉस्पिटल सहाशे मीटरवर आहे.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि वर्कशॉपची किल्ली हातात ठेवली. "गाडी बघून या, भावजी." गाडी स्वच्छ पुसलेली होती. दाराच्या जुन्या पायरीखाली आणखी एक नवी पायरी जोडलेली, बाजूला धरायला पाइप. आत त्याच्या बिछान्याशी दोन सिलिंडर उभे राहतील अशा लोखंडी कड्या, पट्ट्यांसकट. वेल्डिंग त्याच्याच हाताचं होतं.

"डिसेंबरात केलंय," मागून येऊन वहिनी म्हणाल्या. "दहा मिनिटं काम, अर्धा तास दम खाणं. लई सांगितलं, ऐकलं न्हाय. म्हणायचे, फोनवर सांगून त्याला पटायचं न्हाय, येऊ दे, स्वतः मोजू दे. तुम्ही आलाच न्हाईत."

मी टेप मागून घेतला. जमिनीपासून नवी पायरी नऊ इंच. तिथून जुनी नऊ इंच. पाइप धरून चढून पाहिलं. अजिबात दम लागत नाही.