चिनी पोरांचं दापोलीचं इंग्रजी

दापोली स्टँडवर एसटी लागली होती, पण सुटायला वेळ होता, म्हणून सगळा गोतावळा मला उपदेश करत उभा होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नवरा आधीच दुबईला गेलेला. तिथल्या देरा भागात एका शिपिंगच्या ऑफिसात कागदपत्रं करायचा, आणि आता त्यानं माझाही व्हिसा काढला होता. अम्मी पिशवीत कोकमं, सुकट आणि तांदळाचं पीठ कोंबत होती. अब्बा म्हणाले, "नफीसा, तिथं आवाज जरा खाली ठेव. परका मुलूख आहे." मामी लगेच म्हणाली, "हिचा आवाज कसला खाली जातोय! विमानात बसली तरी खालच्या माणसांना ऐकू येईल." सगळे हसले. मी नाही हसले. मी रडत होते, आणि रडता रडता संतापलेही होते. गावच्या हायस्कुलात मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, ती नोकरी सोडून चालले होते, आणि त्याबद्दल एकाही माणसानं चकार शब्द काढला नव्हता. उलट शेजारची भाभी म्हणाली, "सुटलीस बाई खडूच्या धुळीतून. आता आराम कर."

आराम! डोंबलाचा आराम.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. गावात राहिलेल्या, मला 'दुबईवाली' म्हणून चिडवणाऱ्या माझ्या बहिणींसाठी. आणि माझ्यासारख्याच नवऱ्याच्या व्हिसावर येऊन इथल्या फ्लॅटांत गप्प होऊन बसलेल्या बायकांसाठी. मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको.

देऱ्यातली आमची पहिली खोली म्हणजे दुसऱ्याच्या फ्लॅटचा अर्धा हॉल. मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे केरळचं एक कुटुंब. त्यांच्या कढईत मोहरी तडतडली की आमच्याकडे शिंका यायच्या. तिथं मी खरंच कुजबुजायला शिकले. भांडणसुद्धा कुजबुजत करायचो. गावाकडे मी फळ्यासमोर उभी राहिले की माझा आवाज खालच्या आळीत ऐकू जायचा, आणि इथं मी "मीठ द्या" हेसुद्धा नवऱ्याच्या कानाशी जाऊन सांगत होते. माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

मी शाळांत अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत घेणारी बाई फार गोड हसली आणि म्हणाली, "युअर क्वालिफिकेशन इज फाइन, बट द ॲक्सेंट..." वाक्य तिनं पुरं केलंच नाही. दुसरीकडे तर दारावरच लिहिलेलं, नेटिव्ह स्पीकर पाहिजे. म्हणजे ज्याला इंग्रजी आईच्या दुधातून मिळालं, तोच मास्तर. ज्यानं ते पाचवीपासून पाठ करकरून, छड्या खाऊन मिळवलं, त्यानं झेरॉक्स काढाव्यात.

आणि झेरॉक्सच काढायला मिळाल्या. मुलगी झाली, ती नर्सरीत जायला लागली, तेव्हा देऱ्यातच एका मोबाइलच्या दुकानावरच्या इंग्लिश इन्स्टिट्यूटमध्ये मला 'ऑफिस असिस्टंट' म्हणून घेतलं. मालक आपल्याच देशातला, दिल्लीकडचा. सगळे त्यांना सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त गोऱ्या कातडीपुढं त्यांच्या पाठीचा कणा गायब व्हायचा.

त्या इन्स्टिट्यूटमध्ये एक बॅच कुणालाच नको होती. चार चिनी मुलं, आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची. त्यांचे आईबाप देऱ्यात घाऊक दुकानं चालवायचे. मुलांना परत चीनला जाऊन तिथली मोठी परीक्षा द्यायची होती, कॉलेजात जायचं की नाही ते ठरवणारी, आणि तिच्यात इंग्रजीचा भला मोठा पेपर. त्यांना ग्रामर हवं होतं, शब्द हवे होते, उतारे वाचायला हवे होते. आणि सरांनी ठेवलेला गोरा पोरगा त्यांना विचारायचा, "सो गाइज, हाऊ वॉज युअर वीकेंड?" मुलं खाली मान घालून बसायची. महिन्याभरात तो पोरगा कंटाळून गेला. दुसराही गेला. मग सर मला म्हणाले, "मॅडम, आप दो-चार दिन संभाल लो, जब तक कोई टीचर मिलता है."

पहिल्या दिवशी मी आपल्या पद्धतीनं पाहुणचार केला. दूध, साखर, वेलदोडा घालून चहा पाठवला. चौघांनी कपांकडे असं पाहिलं की जणू मी औषध पाजतेय. त्यांच्यातली मेई नावाची मुलगी उठली आणि अदबीनं म्हणाली, "टीचर, हॉट वॉटर, प्लीज." मला वाटलं, पोट बिघडलंय बिचारीचं. ओवा देऊ का विचारलं. नंतर कळलं, ही माणसं साधं गरम पाणीच पितात, चवीनं, दिवसभर.

मी झेरॉक्स आणायला बाहेर गेले आणि परत येते तो वर्गात बाजार भरलेला! चौघंही पुस्तक तोंडासमोर धरून, घसा फोडून ओरडत होती. एक धडा वाचतोय, दुसरा शब्दांची यादी, तिसरा भलतंच काही. कुणाचा कुणाशी मेळ नाही. मला वाटलं, ही माझी टर उडवतायत. मागच्या बाकावरची आपली कार्टी करायची तशी. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि गरजले, "सायलेन्स!"

चौघं दचकून उभी राहिली. मेईचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "टीचर, वी वेट फॉर टीचर, सो वी रीड. इन अवर स्कूल, एव्हरी मॉर्निंग. एव्हरीवन रीड. व्हेरी लाउड." मग हळूच विचारलं, "हिअर, नॉट अलाउड?"

अगो बाई! मी खुर्चीत बसले ती उठेचना. त्यांच्याकडे सकाळी शाळा भरली की अख्खा वर्ग असा आपापला धडा मोठ्यानं वाचतो, मास्तर येवोत न येवोत. जो गप्प बसला तो आळशी. आणि हे चार जीव इतके महिने "हाऊ वॉज युअर वीकेंड" ऐकत तोंड मिटून बसले होते.

मी त्यांचं पुस्तक हातात घेतलं. सूचना सगळ्या चिनीत, एक अक्षर कळेना. पण खाली पाहिलं आणि मला हसूच फुटलं. रिकाम्या जागा भरा. योग्य पर्याय निवडा. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहा. हे तर माझं माहेर! मी उभी राहिले, पदर खोचला आणि म्हणाले, "अलाउड. रीड. व्हेरी, व्हेरी लाउड."

मग आमचा वर्ग असाच चालायला लागला. आधी त्यांच्या रीतीनं, ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं, मीसुद्धा. मग आमच्या गावच्या रीतीनं, मी एक ओळ म्हणायची आणि त्यांनी माझ्या मागून, एका सुरात. कर्मणी प्रयोगाची वाक्यं आम्ही पाढ्यांसारखी म्हटली. जहाजं, शेतं, ग्रंथालयं, कुणाकुणाचे काका, सगळ्यांवरचे उतारे वाचले. शब्द आला की त्याचं वाक्य करायचं, तेसुद्धा देऱ्यातलं. 'अबॅन्डन' आला की मेई म्हणायची, "माय अंकल अबॅन्डन्ड हिज ओल्ड ट्रॉली निअर द फिश मार्केट." वर्षानुवर्षं प्लायवूडच्या आड दाबलेला माझा आवाज मोकळा झाला. खरं सांगते, मला इतका आनंद या देशात तोवर झाला नव्हता.

हां, एक गोष्ट झाली. पोरं माझ्यासारखी बोलायला लागली. वाक्याच्या शेवटी तो आपला कोकणी हेल, वर जाऊन जरा लांबणारा. चिनी तोंडात दापोली. मला ऐकताना गुदगुल्या व्हायच्या.

सरांना नाही झाल्या. एक दिवस केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, ये मछली बाज़ार नहीं है. बगलवाली बैच कम्प्लेंट कर रही है. और बच्चे इंडियन जैसा बोल रहे हैं. पेरेंट्स सुनेंगे तो?"

मी म्हटलं, "सर, सामने इंडियन खड़ी है तो और कैसे बोलेंगे?"

त्यांनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. लंडनहून मागवलेल्या कॅसेट. यापुढे मुलांनी हेडफोन लावून ऐकायचं, मी फक्त बटण दाबायचं. पुढच्या शुक्रवारी पालक वर्ग बघायला येणार होते. तेव्हा कॅसेट चालणार आणि मी रिसेप्शनला बसणार. "वरना सॉरी," सर म्हणाले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नफीसा, ऐक ना त्याचं. बटणच तर दाबायचंय." त्याचंही चुकत नव्हतं, नोकरी टिकवायची तर सगळे असंच करतात. पण मला झोप लागेना. गाव सोडताना मी शाळा सोडली होती, माणसं सोडली होती. आता हा वर्ग तेवढा माझा म्हणावा असा होता, आणि तो माझ्या हातातून काढून टेपरेकॉर्डरच्या हातात द्यायचा होता. मी मनाशी म्हटलं, जीव गेला तरी नाही.

शुक्रवारी दुपारी पालक आले. मी रिसेप्शनला गेलेच नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले, मी फळ्याकडे पाहिलं. त्यांनी बटण दाबलं. मुलं हेडफोन लावून पुतळ्यांसारखी बसली.

पालक एकमेकांकडे बघायला लागले. मेईची आई, जिचं सुटकेसचं दुकान होतं, तिनं मुलीला चिनीत काहीतरी विचारलं. मेईनं हेडफोन काढला आणि सरांना म्हणाली, "सर, माय मदर आस्किंग, व्हाय वी आर स्लीपिंग?"

"नो, नो, लिसनिंग! ब्रिटिश ॲक्सेंट!" सर म्हणाले.

मेईनं आईला सांगितलं. आईनं मान हलवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण देऱ्यात दुकान चालवायला लागतं तेवढं अरबी येत होतं. ती उठली, टेपरेकॉर्डरपाशी गेली, बटण दाबून तो बंद केला आणि म्हणाली, "खलास." मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून, गिऱ्हाइकाला घाई करावी तसं हाताने खुणावून म्हणाली, "टीचर! यल्ला!"

मी पुढे झाले. काय वाचलं ते आठवत नाही, कुठला तरी उतारा. पण चौघांनी असा आवाज लावला की खिडकीच्या काचा थरथरल्या. आईबाप खुर्च्यांत सरसावून बसले. एक बाप तर डोळे मिटून ऐकत होता, एक अक्षर कळत नसताना.

तुम्हाला वाटेल, इथं मी जिंकले. छे! पालक गेल्यावर सर हसत हसत म्हणाले, "ठीक है मॅडम, बैच आपका. लेकिन ब्रोशर में फोटो किसी गोरे का जाएगा. कोई पूछे तो बोलना, असिस्टंट हूँ." मी म्हटलं, "बॅच माझी, तर दारावर नाव माझं." ते म्हणाले, ते शक्य नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

नवरा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. मग मेईच्या आईनं दुकानावरच्या गोदामात वर्गापुरती जागा रिकामी करून दिली, तेव्हा तोच बाजारातून फळा घेऊन आला आणि खांद्यावरून वर चढवला. म्हणाला, "आता ओरड काय ओरडायचं ते." सुटकेसच्या ढिगांत बसून आम्ही ते पुस्तक संपवलं. खाली हातगाडीवाले पठाण थांबून ऐकायचे. एकानं तर कर्मणी प्रयोगाची दोन वाक्यं पाठ केली होती, जाता-येता मला म्हणून दाखवायचा.

पोरं परीक्षेसाठी चीनला गेली. विमानतळावर मेई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही हमसून हमसून रडले. सोडून जाणारं माणूस मी होते, निरोप देणारं होण्याची सवय मला नव्हती.

आता आम्ही शारजात, अल नहदाला राहतो. स्वतःचा हॉल, पक्क्या भिंती. नवीन पोरं येतात, चिनी आणि आता काही कोरियनसुद्धा. माझी मुलगी इंग्रजीतच उत्तरं देते आणि अधूनमधून माझे उच्चार सुधारते. सुट्टीत गावी गेले की तुम्ही विचारता, "आता कायमची कधी येणार? घरची आठवण नाही येत?" येते. तांदळाची भाकरी थापताना येते, उगाचच येते, कधी कधी इतकी येते की गॅस बंद करून बसून राहते. पण घर म्हणजे तेवढंच का? ज्या गावानं माझी शाळा सुटली तेव्हा हूं की चूं केलं नाही, तेही माझं घर, आणि जिथं एका बाईनं माझ्यासाठी मशीन बंद केलं, तेही माझंच. दोन्हीकडे मी हक्कानं भांडते.

गेल्या महिन्यात मेईचा फोन आला. कॉलेजात इंग्रजीच शिकतेय. तिच्या प्रोफेसरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझा उच्चार विचित्र आहे, बदलायला हवा. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" ती म्हणाली, "टीचर, आय सेड, नो. आय सेड, धिस इज हाऊ माय टीचर स्पीक्स." आणि 'स्पीक्स' म्हणताना तिनं तो शेवटचा हेल काढला, आपल्या खालच्या आळीतल्या बायका काढतात तस्सा.

मी नाक पुसलं आणि तिला म्हटलं, "प्रोफेसरांना माझा नंबर दे. म्हणावं, ज्याला बदलायचाय त्यानं आधी माझ्याशी बोलावं."

अजून त्यांचा फोन आलेला नाही.