माय फी

हाजी अब्बास गेल्याचं त्यांच्या मुलानं, हुसेननं, फोनवर दोनच शब्दांत सांगितलं, "बाबा खलास." माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता… आता कुणाला कळणार नाही, हा होता. त्याची लाज वाटते, म्हणून महिन्याभरानं हे लिहितोय.

सनाबिसजवळच्या त्यांच्या छोट्या गावात सर्व्हेअर म्हणून गेलो, तेव्हा मी बहारीनमध्ये अगदी नवा होतो. माझं अरबी साइटवरचं: यल्ला, खलास, मफी. मफी म्हणजे 'नाही'. मशिदीमागच्या, पार्किंगसाठी ठरलेल्या मोकळ्या जागेकडे बोट करून मी विचारलं, "हाजी, इधर कुछ है?" ते उत्साहानं म्हणाले, "माय फी! माय फी!" मी शीटवर लिहिलं, काही नाही. वर त्यांनी दिलेले खजूरही खाल्ले.

आठवड्यानं दुकानात त्यांनी पाण्याची बाटली मागितली, "माय." माय म्हणजे पाणी. पाणी आहे, असं सांगत होते ते! गावाचा जुना झरा होता तिथे. डांबर अजून पडायचं होतं, साहेबांना सांगता आलं असतं. पण माझं प्रोबेशन संपायचं होतं… गप्प बसलो. झऱ्यावर पार्किंग झालं.

काही वर्षांनी मशिदीच्या दुसऱ्या अंगाला उत्खनन सुरू झालं. भिंती निघाल्या, खापरं निघाली, खजुराचा पाक गाळायची खोली निघाली. मोजमापाला पुन्हा मीच. संशोधक बाई माझाच जुना नकाशा पसरून म्हणाल्या, "इतकी शतकं माणसं राहिली, मग पाणी कुठलं प्यायली?" हाजी पार्किंगकडे बोट दाखवत राहिले. "कागदावर तर काही नाही," बाई हळहळल्या. मी शेजारीच होतो. यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिलो. भित्रा माणूस, दुसरं काय!

त्यानंतर हाजी रोज पार्किंगमध्ये झऱ्याच्या जागेवर पांढरी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. मी दिसलो की थर्मासमधला चहा पाजायचे. शुक्रवारी उम्म अल हस्सम भागात आमची बौद्ध माणसं वंदनेला जमतात. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

परवा हुसेनला सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. पार्किंग भरलेलं, हाजींची रिकामी खुर्ची होती तेवढीच जागा मोकळी. हुसेन माझ्या गाडीपाशी आला. मी काच खाली केली, खुर्चीकडे बघितलं, आणि तोंडातून एवढंच निघालं, तेही मराठीत, "हाजी… माफी."

हुसेननं मान हलवली. "हां भाई… मफी." बाबा आता नाहीत, असंच मी म्हणालो, असं त्याला वाटलं. मग त्यानं खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि गाडी पुढे घे म्हणून हात केला.

मी घेतली.