गाडीखालचा नंबर

नवऱ्याला कॉलेजपासून जुन्या, आठ सिलिंडरच्या व्ही-एट गाड्यांचं वेड. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या खाणीत इंजिनिअर म्हणून नोकरी लागली आणि एका शनिवारी आम्ही गावापासून बऱ्याच लांब, एका म्हाताऱ्याची विकायला काढलेली केशरी गाडी बघायला गेलो.

"गिअरबॉक्स फॅक्टरीतलाच आहे, मेट," म्हातारा म्हणाला. पण ह्याला खात्री हवी होती. गिअरबॉक्सवर ठोकलेले आकडे गाडीच्या चॅसी नंबरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळले, तर तो मूळचा.

म्हाताऱ्याने शेडसमोरच्या लाल मातीतच जॅक लावून गाडी उचलली. जमीन मला भुसभुशीत वाटली.

"आधी खाली स्टँड लावा ना," मी म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे गं," म्हणत हा पाठीवर आत सरकला.

शेजारी एक सुटं चाक पडलं होतं. ते मी ओढत आणून दाराखाली आडवं सारलं. म्हातारा हसला.

आता ह्याचे फक्त पाय दिसत होते. ग्रीस पुसून तो एकेक आकडा वाचायचा, मी बॉनेटखालच्या पट्टीवरच्या चॅसी नंबरशी ताडून बघायचे.

"सात?"

"हो."

"चार?"

"हो" म्हणेपर्यंत जॅक एका बाजूला खचला आणि गाडी खाली आली. मी सारलेल्या चाकावर ती अडली, चाक करकरलं. मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. त्याचे बूट हललेसुद्धा नाहीत.

"आहे मी," शेवटी आतून आलं, अगदी बारीक. "छातीला टेकलीय. श्वास घेता येतोय."

म्हाताऱ्याने फळी आणली, तिच्यावर दुसरा जॅक ठेवला. गाडी वर गेल्यावर आम्ही दोघांनी ह्याला पाय धरून ओढून काढलं. शर्ट ग्रीसने काळा झालेला, चेहरा पांढराफटक.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "शेवटचे दोन आकडे राहिले."

मी त्याचा दंड सोडला नाही. म्हाताऱ्याने माझा फोन काठीला बांधून आत सारला आणि फोटो काढला. आकडे जुळले नाहीत. म्हाताऱ्यालाही ते ठाऊक नसावं. तो खालमानेने "सॉरी" म्हणाला.

परतताना आमची गाडी मी चालवली.

अजूनही हा कुणाच्या गाडीखाली शिरला की मी सोबत असते. सारखी काहीतरी विचारत राहते, भाजी कुठली करू, आईला फोन केलास का. तो वैतागतो. पण उत्तर येईपर्यंत मी थांबत नाही.